मास्तरसाबांची दारातली हजेरी

मास्तरसाब आधी डोळे मिटायचे, मग उजव्या हाताची ओंजळ कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "पुस्तकाला नका विचारू. कानाला विचारा." एवढं झालं की मानवतच्या आमच्या शाळेतली तीस पोरं डोळे मिटून कानामागे हात धरून बसायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गावात कान दुखायची साथ आलीय.

विचारायचं काय, तर इंग्रजी शब्दाआधी 'अ' लावायचा की 'अॅन'. वस्तू एकटी असली की यातलं एक तिच्यापुढं लावल्याशिवाय इंग्रजाला चैन पडत नाही. मास्तरसाबांचा नियम सोपा होता. पुढचा शब्द म्हणताना तोंड नुसतं उघडं पडलं तर अॅन. ओठ मिटले, जीभ दाताला लागली, कुठं काही अडलं तर अ.

ते निजामीत उर्दूतून शिकलेले, उर्दूतूनच शिकवत आलेले. राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि चाळिशीत त्यांना आमची भाषा आमच्याच तोंडून शिकावी लागली. त्यामुळे आमच्या तोंडावर त्यांची बारीक नजर असायची. तासाला इंग्रजीत अवर म्हणतात, लिहिताना त्यात आधी ह असतो, बोलताना नसतो. हे सांगताना ते म्हणाले, "तुमी लिहिता आम्ही, बोलता आमी. ह खाऊन टाकता. इंग्रज बी तसाच खातो. मंग तो मराठवाड्याचाच की. द्या त्याला अॅन."

मी वर्गातल्या चार मुलींपैकी एक. दोन वेण्या, चपचपीत तेल आणि डोक्यात हवा. एकदा अंड्याला मी ठणकावून 'अ येग' म्हटलं. आमच्याकडं एकाला येक म्हणतात, तर एगचं येग होणारच. सगळा वर्ग हसला. मी फणकाऱ्यानं सांगितलं, कानाला विचारूनच म्हटलंय. मास्तरसाबांनी डोळे मिटून खरंच थोडा विचार केला. "कान सच्चा हाय बेटी," ते म्हणाले, "तोंड परभणी जिल्ह्याचं हाय."

त्यांची हजेरीची तऱ्हा वेगळी होती. शाळेच्या रजिस्टरात घ्यायची ती घ्यायचे, पण इंग्रजीच्या तासाला स्वतःची एक वही काढायचे. नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं नाही. येताना वाटेत दिसलेली एक वस्तू इंग्रजीत सांगायची, अ किंवा अॅन लावून. बरोबर आलं तर वहीत टिंब. माझं उत्तर ठरलेलं, अॅन अंब्रेला. उन्हाळा असो, थंडी असो, मला रोज छत्रीच दिसायची. चुकायची भीती नाही, डोकं चालवायची गरज नाही. आणि मी मात्र स्वतःला वर्गातली पंडिता समजत होते. मास्तरसाब टिंब द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "बेटी, तुझा पाऊस कवा थांबनार?"

सातवीच्या परीक्षेला दीड महिना उरला असताना ताडकळसहून मला स्थळ आलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद केली. माय काहीतरी बोलू गेली तर म्हणाले, "इंग्रजी शिकून ताडकळसला काय बैलासंगं बोलनार हाय ती?"

तुम्हाला वाटेल मी रडले असेन. छे! दोन दिवस मी नव्या लुगड्याच्या रंगाचाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी मैत्रिणी दप्तरं घेऊन दारावरून गेल्या तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मग जी रडले ती रडलेच.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरसाब दारात उभे. विटलेली शेरवानी, काखेत ती वही. आप्पा ओट्यावर दावं वळत होते. त्यांना सलाम करून मास्तरसाब म्हणाले, "शाळेच्या रजिस्टरात पोरगी गैरहजर हाय, तसंच लिवलं. माझ्या वहीत मी आजून लिवलं न्हाई." आणि माझं नाव पुकारलं. मी कणगीमागे दडले होते. मायनं दंडाला धरून पुढं ढकललं. मी पुटपुटले, अॅन अंब्रेला. त्यांनी टिंब दिलं आणि शाळेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. स्थळाचा एक शब्द काढायचे नाहीत. माझं नाव घ्यायचे, माझी छत्री घ्यायचे आणि मग तोंड उघडं पडलं तर काय, अडलं तर काय, ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे. मला मनातून राग यायचा, की एवढ्या हुशार मुलीला हे काय पुन्हा पुन्हा! त्या वेळी त्यांचं तोंड माझ्याकडं नसायचं, ओट्याकडं असायचं, हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

पाचव्या सकाळी आप्पांनी दावं खाली ठेवलं. "मास्तरसाब, ते अंब्रेला म्हंजे काय हो?"

"छत्री."

"आमच्या घरात छत्री हाय कुटं? ही रोज लबाड बोलायलीय." मग माझ्याकडं वळून, "समोर दिसतंय ते सांग की."

समोर बैल बांधलेला. शब्द मला येत होता. पण आप्पांच्या नजरेसमोर पंडिता थिजली. कसंबसं म्हटलं, "अ ऑक्स."

मास्तरसाबांनी टिंब दिलं नाही. आप्पांनी ओठ न मिटता दोनदा 'ऑक्स, ऑक्स' करून बघितलं. "अॅन म्हन," ते म्हणाले. "तोंड उघडंच ऱ्हायलंय न्हवं का?"

मास्तरसाबांनी वही उघडली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आप्पासाब, टिंब कोनाच्या नावावर देऊ?"

आप्पा हसू दाबत पुन्हा दावं वळू लागले. वळता वळता, खाली बघतच, त्यांनी मास्तरसाबांना परीक्षा कधी आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. ताडकळसकरांना निरोप गेला, सध्या थांबा.

मी सातवी पास झाले, गावातली शाळा तिथंच संपत होती. त्याच उन्हाळ्यात मास्तरसाब गाव सोडून गेले. हैदराबाद राज्याची वाटणी झाल्यावर त्यांनी आपली बदली हैदराबादेकडं मागून घेतली होती. त्यांचे सगे तिकडेच होते. मला तो माझा अपमान वाटला. एवढं करून हा माणूस मला सोडून जातोच कसा! मी रुसून घरात बसले, साधा सलामही केला नाही. ती लाज आज सात नातवंडांची आजी झाल्यावरही पुसली जात नाही.

स्टेशनवर त्यांना पोचवायला आप्पांनी आपली गाडी जुंपली. सामान स्वतः चढवलं. दिवस मावळता मावळता परत आले. हातपाय धुतले, घोंगडीवर बसले. मायनं विचारलं, गेले का नीट?

"गेले," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "स्टेशनात इचारून आलोय. परभनीची गाडी सकाळी साडेसहाला येती. हिच्या तिथल्या मावशीला कळव, आठवीला पोरगी तुज्याकडं ऱ्हाईल म्हनून."