हातभर पाइप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दस्तुरीच्या घाटात दामूशेठची पिकअप गटारात गेली, तेव्हा तिचा ब्रेक खरोखरच लागला नव्हता. ड्रायव्हर बाळाराम सांगत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मला ते माहीत होतं, कारण ब्रेक का लागला नाही त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्या पँटच्या खिशात होतं.

कर्जतला चारफाट्याजवळ माझं गॅरेज आहे. लोक मला उस्ताद म्हणतात. मी कमी बोलतो, म्हणून लोकांना वाटतं याला फार कळतं. गप्प बसणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे मोठे गैरसमज आहेत.

दामूशेठ खालापूरकडचा. एक्सप्रेस-वेच्या कडेची भाताची खाचरं विकली आणि दामूचा दामूशेठ झाला. मग माथेरानला एक हॉटेल चालवायला घेतलं. हॉटेलचा माल, म्हणजे तांदूळ, कांदे, सिलिंडर, गाद्या, कर्जतहून पिकअपमधून दस्तुरीपर्यंत जायचा. त्यापुढे माथेरानात गाडी जात नाही, घोडा नाहीतर हातगाडी. पिकअप जुनी होती, पेट्रोलवरची. भरली की घाटात दुसऱ्या वळणालाच तिला धाप लागायची.

एक दिवस शेठ आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "उस्ताद, हिच्यात डिझेल टाकायचाय."

"टाकीत?"

"मस्करी नको रं. इंजिन. जीपचं मोठं इंजिन उचललंय कुर्ल्याच्या भंगारातनं. माझ्या दोस्तानं टाकलंय त्याच्या गाडीत. घाट नुसता खाते त्याची गाडी!"

"नवी पिकअप घ्या की, शेठ. हप्त्यावर मिळते."

"नव्या गाडीत दम नसतो."

हे बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या हॉटेलचा जिना मधे थांबल्याशिवाय चढता येत नव्हता. असो.

मी म्हणालो, "आरटीओची परवानगी लागते. पेट्रोलची डिझेल केली की आरसीवर चढवावं लागतं."

"कागदाचं माझ्यावर सोडा."

ज्याच्यावर सोडलं तो ते कधीच करणार नाही, हे मला कळत होतं. आणि मी सोडलं. परवानगी नसताना गाडी उघडायचीच नाही, असा नियम मी दुसऱ्यांना छान समजावून सांगतो.

इंजिन बदलणं म्हणजे जुनं काढलं, नवं बसवलं, असं लोकांना वाटतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेल्या गिऱ्हाइकाला तर ते एका गाण्याएवढं काम वाटतं. खरं तर दुसऱ्या गाडीचं इंजिन काहीच जुळू देत नाही. गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून लेथवर जाड प्लेट बनवून घेतली. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते माउंटिंग कापून नव्यानं वेल्ड केलं. रेडिएटर मोठा घातला. इंजिनाचं वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले. हे सगळं मी उत्तम केलं. मुद्दाम सांगतो, कारण माणूस बुडतो तो अवघड कामात नाही.

आता ब्रेकचं. आपल्याला वाटतं गाडी पायाच्या जोरावर थांबते. नुसत्या पायावर भरलेली पिकअप थांबवायची तर ड्रायव्हर तालमीतून आणावा लागेल. बॉनेटखाली पातेल्याएवढा काळा डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्यातली हवा ओढून काढलेली असते, आणि त्या ओढीनं पायाचा जोर कितीतरी पट वाढतो. पेट्रोलचं इंजिन ही हवा आपसूक ओढतं. डिझेलचं ओढत नाही. म्हणून डिझेल गाडीत ऑल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, पाठीला एक छोटा पंप असतो. पंपापासून बूस्टरपर्यंत हातभर पाइप जातो. हा पाइप जाड लागतो, आत दोऱ्याचं विणकाम असलेला. साधा रबरी घातला तर इंजिनाच्या उष्णतेनं मऊ होतो आणि ओढ बसली की आतल्या आत चिकटतो. शहाळ्यातली कागदी नळी भिजल्यावर जोरात ओढून बघा. तसा. मग बूस्टर मेला आणि ब्रेकचा झाला दगड. गंमत म्हणजे थंड झाला की पाइप पुन्हा गोल होतो आणि ब्रेक पुन्हा लोण्यासारखा लागतो.

जुन्या पेट्रोल इंजिनाचा पाइप पुरेना, कारण नव्या इंजिनाचा पंप दुसऱ्या अंगाला होता. पनवेलच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पाठवतो. इकडे शेठ नारळ घेऊन दारात उभा. जोडून सुट्ट्या आलेल्या, हॉटेल भरलेलं.

"झालं का, उस्ताद? वरती पब्लिक उपाशी मरंल!"

फळीवर रेडिएटरच्या पाण्याचा रबरी पाइप पडला होता. कापला, बसवला, क्लिपा आवळल्या. मनात म्हटलं, तात्पुरता.

चौक गावापर्यंत जाऊन आलो. सपाट रस्ता, रिकामी गाडी. ब्रेक पायाखाली विरघळत होता. घाटात भरलेली गाडी उतरवून बघायला हवी होती. शेठनं तोवर नारळ फोडला होता, बॉनेटला हार घातला होता आणि मला गाडीशेजारी उभं करून मोबाइलवर रील काढली होती. 'घाटाचा राजा' असं खाली लिहिलं. त्या रीलमध्ये मी हसतोय. मला फार कमी फोटोंमध्ये हसू आलेलं आहे.

गाडी बाळारामच्या हातात गेली. बाळाराम नेरळच्या बाजूचा. एके काळी पीत होता, आणि पीत होता म्हणजे पीतच होता. मग गळ्यात माळ घातली आणि बाटली सुटली ती सुटली. त्याची बायको सुगंधा नाक्यावर भाजी विकायची. नवरा घाटात गाडी चालवतो हे ती गिऱ्हाइकाला भाजीबरोबर फुकट सांगायची.

पनवेलचा पाइप आला. मी तो खिळ्याला अडकवला. पुढच्या वेळी गाडी आली की बसवू.

पुढच्या वेळी गाडी आली. बाळाराम उतरला आणि म्हणाला, "उस्ताद, वर चढते घोड्यावानी. पन खाली उतरताना शेवटाला ब्रेक कडक व्हतो."

मी गाडीत बसलो. तोवर गाडी बाहेर उभी राहून थंड झाली होती. ब्रेक दाबला. मऊ.

"कुठं कडक हाय?"

"आता नाय. उतरताना."

चहा पीत बसलेल्या दोघा टेम्पोवाल्यांपैकी एक म्हणाला, "बाळ्या, माळंनं पाय हलका झाला काय रं?"

सगळे हसले. मीही. आणि म्हणालो, "इंजिन मोठं हाय, पाय पण मोठा कर. मला ब्रेक शिकवतोस?"

पाइप माझ्या डोक्यावर, खिळ्याला. बदलायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला असता. पण टेम्पोवाल्यांसमोर ड्रायव्हरनं काढलेली चूक उस्तादानं दुरुस्त करायची म्हणजे काय! मी नाही केली.

सुट्ट्या संपता संपता गाडी गेली. बाळाराम दस्तुरीहून परतत होता. मागे रिकामे सिलिंडर आणि धुवायच्या चादरींची गाठोडी. खालून नेरळचा एक घोडेवाला तीन घोडे घेऊन चढत होता. वळणावर बाळारामनं ब्रेक दाबला आणि पाय जणू भिंतीवर पडला. दरीकडे घोडे, दुसरीकडे डोंगर. त्यानं गाडी डोंगराला घातली. पुढचं चाक गटारात गेलं, डॅशबोर्ड आत आला, त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. घोड्यांना ओरखडा नाही.

गाडी काढायला मी क्रेन घेऊन पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर टॅक्सीवाले जमलेले.

"ब्रेक लागला नाय बोलत व्हता."

"सगळं तेच बोलतात."

"वास व्हता काय तोंडाला?"

"कोन हुंगाया गेलंय? पन पयला पीत व्हताच की."

झालं. एवढ्यात माणूस दारुडा झाला. घोडेवाला एकटाच म्हणत होता, "त्यानं वळवली नसती तर मी आता तुमच्याम्होरं उभा नसतो." त्याचं कोणी ऐकलं नाही. वाचलेल्या माणसाच्या साक्षीला आपल्याकडे किंमत नसते.

मी बॉनेट उचकटलं. पाइप थंड झाला होता, पण पुरता गोल झाला नव्हता. मधोमध चपटी घडी होती, इस्त्री केल्यासारखी. मी चाकूनं क्लिपांपाशी कापला, दुमडला आणि खिशात घातला.

तेवढ्यात शेठचा फोन. "उस्ताद, पोलिसबिलिस नको हा. कागद पेट्रोलचे हायेत. इंजिनाचं नाव निघता कामा नये."

"नाही निघणार," मी म्हणालो. शेठला वाटलं मी त्याला वाचवतोय.

गाडी गॅरेजला आणली. दार लावून खिळ्याचा नवा पाइप बसवला. जुना भट्टीत टाकला. रबराचा वास दुसऱ्या दिवशीही जाईना.

त्याच वासात सुगंधा आली. सोबत कोणी नाही. शेठ खुर्चीत.

"शेट, दवाखान्याचं तुमी बगा. गाडीचा ब्रेक दगड झालता, ते शपतेवर सांगत्यात."

"वयनी, शपता दारू पिणारे जास्त खातात."

"माळ हाय त्यांच्या गल्यात!"

"माळ गळ्यात हाय, गळ्याच्या आत काय गेलं ते कोणी बघितलं?" शेठ स्वतःच हसला. मग माझ्याकडे वळला. "उस्ताद, दाखवा त्यांना ब्रेक."

मी इंजिन चालू केलं. शेठनं तिला गाडीत चढून पेडल दाबायला सांगितलं. ती चढली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला काय कलतंय त्यातलं, दादा. तुमी सांगा. तुमी बोलाल ते मी मानीन."

मी म्हणालो, "ब्रेक चांगला हाय, वयनी."

यात खोटं काहीच नव्हतं. ब्रेक चांगलाच होता. आदल्या दिवशीच मी तो चांगला केला होता.

तिनं पदर खोचला आणि निघून गेली. शेठनं दवाखान्याला दमडी दिली नाही, बाळारामला कामावरून काढलं, आणि त्याच्या बाकीच्या गाड्याही माझ्याकडे पाठवायला लागला. "उस्ताद म्हणजे भरवशाचा माणूस." हे तो चारचौघांत सांगतो. ज्याला भंगार आणि इंजिन यातला फरक कळत नाही, त्याचं प्रशस्तिपत्र मी अजून मिरवतोय.

हे सगळं मी असंच पोटात ठेवून मेलो असतो. पण मध्यंतरी शेलूला जावं लागलं. तिथल्या नव्या टॉवरमध्ये एकाची गाडी बंद पडली होती. गेटवर दांडा वर-खाली करणारा वॉचमन लंगडत पुढे आला. बाळाराम.

"उस्ताद! या या. कंच्या विंगला?"

त्याचा गळा मोकळा होता. मी विचारलं, "माळ कुठं गेली?"

"काढली. लोकं बोलायची माळ घालून पितो. मला बोला, पन माळंला कशाला बोलून घ्यायचं?"

"आणि गाडी? चालवण्यापुरता पाय तर बरा दिसतो."

तो दांड्याला हात टेकून उभा राहिला. "पायाचं नाय वो. दोन जागी बोलावनं आलतं. नाय गेलो. मला अजून वाटतं ब्रेक दगड झालता. झोपंत पन दाबून बगतो, दगडच लागतो. पन तुमी बगितला ना? तुमी कशाला खोटं बोलाल? मंग माजाच पाय कलचवर पडला असंल. ज्याला सोताचा पाय कलत नाय, त्यानं मानसं कशाला बसवायची गाडीत?"

आणि हसला. माझ्यावर राग नाही, संशय नाही. स्वतःच्या पायापेक्षा माझ्या शब्दावर त्याचा जास्त विश्वास.

यावर मी काय म्हणालो असेन? "बी विंग." त्यानं दांडा वर केला. मी आत गेलो, बॅटरी चार्ज केली, बाहेर आलो. त्यानं पुन्हा दांडा वर केला आणि सलाम केला.

धडा म्हणाल तर धंद्यातला साधा आहे. तात्पुरतं बसवलेलं कधीच तात्पुरतं राहत नाही. डिझेल इंजिन टाकलेली जुनी गाडी कोणी दाखवली, तर इंजिनाचा आवाज ऐकू नका. बॉनेट उघडा आणि बूस्टरचा पाइप चिमटीत दाबून बघा. बोटांनी सहज चपटा झाला, तर त्या गाडीत बसू नका. आणि 'ब्रेक चांगला आहे' असं कोणी उस्ताद म्हणाला, तर तो कधीपासून चांगला आहे, तेही विचारा.

बाळाराम, तुझा पाय ब्रेकवरच होता.

एवढं वाक्य मी त्याला देणं लागतो. शेलूच्या गेटवर नाही, नाक्यावर, सुगंधाच्या पाटीसमोर, शेठ आणि टेम्पोवाले ऐकतील असं मोठ्यानं. इथं लिहिलं म्हणून ते फिटलं नाही. अजून दिलेलं नाही.