आईपुढून गेलेलं ताट

माझे वडील पाळक. कोणत्या मंडळीचे, असं कोणी विचारलं की उत्तर लांबतं. आधी ते हैदराबाद शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये होते, तिथून भांडून बाहेर पडले. भांडण बाप्तिस्म्यावरून. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झाला बाप्तिस्मा, हे पप्पांना पटेना. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून जो पाण्यात अख्खा बुडून वर येतो तोच खरा, आणि प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत मंडळीत वाटून खायची भाकरही त्यालाच. हे त्यांनी उपदेशात सांगितलं आणि मग आबिड्सच्या एका प्रेसमध्ये उपदेश छापला. जुन्या चर्चच्या पाळकांनी उलट पुस्तिका काढली. पप्पांनी तिला उत्तर छापलं, त्यांनी प्रत्युत्तर. हैदराबादेत मराठी ख्रिस्ती मूठभर, त्यांतले मराठी वाचणारे चिमूटभर, आणि त्यांच्यासाठी दोन्हीकडून छपाई चाललेली.

शेवटी काही घरं पप्पांबरोबर निघाली. नल्लकुंट्यात एक हॉल भाड्याने घेतला आणि मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधली. तिकडे नळाला पाणी दिवसाआड, त्यामुळे बाप्तिस्मा म्हटलं की टँकर मागवावा लागे. आई म्हणायची, "पाणी किती लागतं यावरून भांडायचंच होतं, तर गाव तरी भरल्या नदीच्या काठचं बघायचं."

पप्पा हसायचे. पण आई काही टाकीत उतरली नाही. जालन्याला तिच्या आईने तिला कडेवर घेऊन चर्चमध्ये पुढे नेलं होतं, तिथे पाळकांनी शिंपडलेलं पाणी तिला पुरलं होतं. "माझ्या आईने मला देवाला दिलं. ते खोटं होतं असं मी म्हणू?" एवढंच ती बोलायची. पप्पांनी एक उपदेश खास तिच्यासाठी लिहिला असं मला आजही वाटतं. आपल्या घरच्या माणसालाही सूट देता येत नाही, असा त्याचा सगळा रोख आहे. छापायच्या आधी प्रूफं आईच वाचायची. तिने त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि कागद परत टेबलावर ठेवले.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, तेच. बेखमीर भाकर आदल्या दिवशी आईच भाजायची. कणकेची, पातळ, कात्रीने चौकोनी तुकडे केलेली. हॉलमध्ये ताट रांगेतून हातोहात फिरे. आईपाशी आलं की ती ते दोन्ही हातांनी घेई आणि तुकडा न उचलता माझ्याकडे देई. मी बुडी घेतलेली, म्हणून मी तुकडा उचले. लहानपणी मला राग यायचा, पप्पांचा आणि तिचाही. दोघंही हट्टाला पेटलेली आणि मध्ये मी. मग सवय झाली. सवय बरी असते, तिच्यात काही दुखत नाही.

गेल्या वर्षी आईच्या यकृताचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर ती पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, जायच्या आधी मला एकदा तुमच्या हातची भाकर हवी."

मंडळीतल्या किती म्हाताऱ्यांना, किती सुनांना पप्पांनी याच कारणाने नाही म्हटलं होतं, ते त्यांनाही आठवलं असणार. पुढे एका सकाळी ते तिच्या खोलीत आले. त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला. हातात बशी, बशीत एक तुकडा.

आईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग बशीकडे. "चोरून खायला मी काय मांजर आहे? द्यायची तर मंडळीत द्या."

पप्पा बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये नेलं. भाकर मी भाजली होती, चामड्यासारखी झाली होती. तारनाक्याचे एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले, तिच्या कानाशी वाकले. "अम्मा, एक डुबकी तर आहे. हौ म्हणा की, कायको जिद्द करता? खुर्चीसकट हळूच उतरवतो."

"नक्को भाऊ," आई म्हणाली, "खुर्ची भाड्याची आहे."

ताट फिरत आलं. आईने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि या वेळी पुढे दिलं नाही. मांडीवर धरून ती पप्पांकडे बघत राहिली. सगळा हॉल बघत होता. पप्पांनी नुसतं 'घे' म्हणायचं होतं. त्यांचे ओठ उघडले. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. आईने ताट माझ्याकडे दिलं. माझा हात सवयीने गेला. मी तुकडा चावत राहिले.

त्याच आठवड्यात आई गेली. मला रडू आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसे ते दिवस गेले; ओढल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं. लोक येत होते, पाळकीणबाई किती साध्या होत्या म्हणत होते, आणि मी कोणाचा चहा बिनसाखरेचा ते लक्षात ठेवत होते.

आता मंडळीने पप्पांच्या सगळ्या उपदेशांचं एक पुस्तक काढायचं ठरवलंय. मंडळीतली पोरं गाणीसुद्धा मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचून म्हणतात. हे जाडजूड मराठी पुस्तक कोण वाचणार, ते कोणी विचारत नाही. प्रूफं माझ्याकडे आली आहेत. परवा दुपारी मी त्या घरच्यांना सूट न देण्याबद्दलच्या उपदेशापर्यंत पोचले. पप्पा समोरच बसले होते.

"पप्पा, हा ठेवायचा?"

"ठेव."

"काढला तर कोणाला कळणारसुद्धा नाही."

त्यांनी प्रूफाचं ते पान स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "काढला, तर मग ती इतकी वर्षं उपाशी कशासाठी बसली?"

मला वाटलं, नेहमीसारखं मुद्द्याला मुद्दा म्हणून बोलले. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. जन्मभर उत्तराला प्रत्युत्तर छापलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.