जस्ताच्या कढईचं झाकण आणि सोलापूरची भाकरी

लोक सुट्टीत धबधबे बघतात, मी भट्ट्या बघते. कारखान्यात उष्णता कुठे वाया जाते ते शोधणं हे माझं पोटापाण्याचं कामच आहे. त्यामुळे सोलापूरहून मावसभाऊ शिवानंदचा फोन आला, "ताई, कारखाना लई गॅस खातोय. आटोक्यात नाही आला तर दुसरी पाळी बंद करावी लागेल," तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, चल, गाडी काढ! भर उन्हाळ्यात सोलापूर म्हटल्यावर त्याने कोपरापासून हात जोडले, पण आला.

पुण्याहून पहाटे निघा, टेंभुर्णीला नाश्ता उरका, म्हणजे उन्हाच्या आत पोचाल. टोल आणि डिझेल सोडलं तर खिशाला चटका नाही. रस्ता इतका सरळ की झोप येते. वाटेत लोखंडी कठड्यांवर राखाडी चमक दिसेल, तेच शिवानंदचं काम. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढायचं, की ते वर्षानुवर्षं गंजत नाही.

कारखाना एमआयडीसीत आहे. असं काही बघायचं असेल तर परवानगी काढा, सुती कपडे आणि बंद बूट घाला. आमचे हे चपला घालून आलेले! दारातच अडवले आणि ऑफिसात एसीत बसवले. स्वारी खूश. मी आत गेले. जस्ताची लांबलचक कढई, साडेचारशे अंशांची, अहोरात्र तापलेली. गार होऊ दिली तर जस्त गोठून बसतं, म्हणून बर्नर बंद करायची सोय नाही.

दुपारी फोरमन नागनाथमामांनी हाक दिली, "चला, भाकरी खायला!" लांबरुंद टेबलाभोवती सगळे बसले, मालक शिवानंदसुद्धा त्यांच्यातच. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. अहाहा! चटणी सांडली म्हणून खाली वाकले, तर टेबलाच्या पोटाला उष्णता अडवणारं, लोकरीसारखं जाड अस्तर आणि कोपऱ्यांना उचलायच्या कड्या.

"मामा, हे कढईचं झाकण ना?"

"व्हय की! मोठ्या मालकांनी करून घेतलं हुतं. पन जेवायला लई ब्येस हाय."

मोठे मालक म्हणजे शिवानंदचे वडील. अरे देवा! पलीकडे कढई उघडी, आणि तिची हवेत गेलेली उष्णता भरून काढायला बर्नर सारखा भकभकत होता.

"झाकन तिकडं गेल्यावर आमी जेवायचं कुटं?" मामा तडकले. "मोठे मालक ह्याच्यावरच आमच्या संगट जेवायचे. ते मोडायचं न्हाय, ताई."

मला राग आला आणि भरूनही आलं. "मामा, दुसरी पाळी गेली तर जेवायला कोण उरणार?" त्या पाळीतली निम्मी माणसं मामांनीच सांगोल्याकडून आणलेली. ते नुसती भाकरी मोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्यांनी स्वतःच क्रेन लावून झाकण कढईवर चढवलं. आम्ही जमिनीवर पोती अंथरून बसलो. मी म्हटलं, आता नुसतं ऐका. भाकरी संपत आली तरी बर्नर क्वचितच पेटत होता.

"आयला, गप बसलंय की!" मामा हसले. चहाच्या सुट्टीतही झाकण घालायचं ठरलं. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या उष्णतेवर माल बुडवण्याआधी सुकवायचं कामही शिवानंदने मनावर घेतलं.

येताना शेंगाचटणी आणली, ती आठवड्यात फस्त झाली. आता दूध तापवताना झाकण घालायचं राहिलं तर नवराच ओरडतो, "तुझी कढई उघडी आहे!" जीव मात्र टांगणीला लागलेला. मामांचं टेबल तर मी काढून घेतलं, पाळी वाचली नाही तर?

परवा शिवानंदचा फोन आला. गॅस आटोक्यात आलाय, दुसरी पाळी चालू राहणार! मागोमाग एक फोटो. मामांनी भंगारातले अँगल-पत्रे जोडून नवं टेबल केलंय, आपल्याच जस्तात बुडवून काढलेलं, चकचकीत. दोन्ही पाळ्यांची माणसं दाटीवाटीने बसलीत आणि मामांच्या शेजारी एक स्टूल रिकामं आहे.

खाली मामांचा आवाज रेकॉर्ड केलेला होता, "ताई, ह्याला गंज धरत न्हाय. कवाबी या."