मालधक्क्यावरची व्हायोलिनवाली

सपनाताई तायडेची आणि माझी ओळख झाली ती सावद्याच्या रेल्वे मालधक्क्यावर. आमचा केळीचा व्यापार. दिल्लीकडे रेल्वेच्या डब्यांतून माल चढवायचा असला की आबा, म्हणजे माझे वडील जीवराम भारंबे, मला तिथे पाठवायचे. मालधक्क्यावर थांबण्याशिवाय दुसरं काम नसतं, आणि थांबणं तेवढं आपल्या हितेंद्रला जमतं, असं त्यांचं मत. ताई तिथल्या कार्यालयात क्लार्क होती. मान खाली घालून पावत्या फाडायची, पण रांगेत कुणी मध्येच घुसला तर असा आवाज द्यायची की बाहेरचे हमालसुद्धा क्रेट हातात धरून जागच्या जागी थांबायचे.

एक दिवस माझी पावती करताना तिचा मोबाईल वाजला. रिंगटोनला व्हायोलिनवरची भरधाव धून होती.

मी म्हटलं, "ताई, ही आयर्लंडची नाचाची धून, रील ना?"

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्हाला काय माहीत?"

मला माहीत होतं, कारण माझी फसगत झालेली होती. खान्देशात बँजो म्हटलं की वरातीत बटणं दाबून वाजवतात तो. मलाही तोच हवा होता. ऑनलाइन मागवला, तर खोक्यातून गोल तोंडाचा, लांब मानेचा, चार तारांचा परदेशी बँजो निघाला. परत पाठवायचा तर खोकं गोठ्यातल्या गाईनं खाऊन टाकलेलं. मग व्हिडिओ बघून शिकलो, आणि हे वाद्य आयर्लंडच्या गावांमधून वाजतं हे कळलं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती पावती हातात तशीच धरून इतकी हसली की मागच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "बाई, काम चालू आहे का बंद?"

"चालू आहे," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "रविवारी दीपनगरला या. बँजो घेऊन."

ताईचे वडील आधारनाना दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात होते. निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या फाटकाबाहेर त्यांनी घर बांधलं. नाना व्हायोलिन वाजवायचे. चौदा एप्रिलला भुसावळपासून धुळ्यापर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम व्हायचे, त्यात नानांचं व्हायोलिन असायचंच. त्यांनीच ताईला लहानपणी सतरंजीवर बसवून शिकवलं. मांडी घालायची, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं. ताई आजही तशीच वाजवते. आयरिश धून असो नाहीतर काही, ती स्टेजवर उभी राहत नाही.

टाळेबंदीत घरी बसलेली असताना तिला एक व्हिडिओ सापडला होता. आयर्लंडमधलं कुठलंसं स्वयंपाकघर, एक म्हातारा व्हायोलिन वाजवतोय आणि मागे त्याची बायको भांडी घासतेय. "तो पाय आपटत होता ना, अगदी नानांसारखा," ती मला म्हणाली. "मी लगेच व्हायोलिन काढलं. त्यांची ती नाचाची जिग म्हणजे काय रे, आपला दादराच. फक्त घाईत निघालेला."

त्या रविवारी आम्ही दुपारभर वाजवलं. ताईचा मावसभाऊ प्रशील जळगावच्या कॉलेजात शिकवतो, त्याची गिटार होती. नर्मदाबाई, म्हणजे ताईची आई, दोनदा चहा देऊन गेली आणि तिसऱ्यांदा दारातच उभी राहिली. नाना आत पेपर वाचत होते. आम्ही थांबलो तेव्हा आतून म्हणाले, "पोरानं बँजो सुरात लावायला शिकावं."

बँडचं नाव ठेवलं 'केली'. आयर्लंडमध्ये गाणं-नाचाच्या बैठकीला तसं काहीतरी म्हणतात. पहिल्याच कार्यक्रमाचं पोस्टर करणाऱ्यानं आमची शुद्धलेखनाची चूक समजून ते 'केळी' केलं. प्रशील चिडला. ताई म्हणाली, "राहू दे. सावद्याच्या माणसानं बँड काढला तर आणखी काय नाव ठेवणार?" तेच राहिलं.

पहिलं वर्ष साधंच गेलं. जळगावच्या एका कॅफेत महिन्यातून एकदा वाजवायचो. लोक कोल्ड कॉफीतून मान वर काढून टाळ्या वाजवायचे आणि परत मोबाईलमध्ये घुसायचे. नशिराबादला एका शाळेच्या गॅदरिंगला पोरांनी धमाल केली. पण काहीतरी कमी होतं, हे ताईला आमच्या आधी कळलं. "पाय हलत नाहीत लोकांचे," ती म्हणायची. "मान हलते. मान हलून काय उपयोग?"

जे कमी होतं ते धुळ्यात सापडलं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलानं आपल्या हळदीला आम्हाला बोलावलं होतं. नवरदेवाला आमचं वाजवणं आवडायचं, पण त्याच्या पाहुण्यांना कोणी विचारलं नव्हतं. आम्ही दोन धुना वाजवल्या. मांडवातून आवाज आला, "अहिरानी गानं लावा!" दुसरा म्हणाला, "डीजे कथा शे?" डीजे नव्हता. प्रशीलनं माझ्याकडे बघितलं, मी बँजोकडे. ताईनं कुणाकडेच बघितलं नाही. ती डोळे मिटून तिसरी जिग वाजवत राहिली, आधीपेक्षा जोरात.

मांडवाच्या कडेला वरातीचे वाजंत्री आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. त्यातल्या चाळिशीच्या एका माणसानं मांडीवरचा डफ सरळ केला आणि काडीनं हलकेच ठेका धरला. दोन आवर्तनं ऐकून घेतली, मग जोरात हात टाकला. जिगच्या बरोबर मध्यावर त्याचा असा काही ठोका पडला की हळद लावणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. नवरदेवाची मावशी उठली. तिच्यामागे सगळा मांडव उठला.

ताईनं डोळे उघडले आणि व्हायोलिन वाजवतच त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, थांबू नका!"

तो हसला. "ताई, तू वाजाड. मी शे ना!"

त्याचं नाव चुडामण. पुढची सगळी हळद आम्ही एकत्र वाजवली. निघताना ताईनं त्याला विचारलं, "आमच्यात येता का?"

"कोन्तं वाजाडतस तुम्ही हाई?"

"आयर्लंडचं."

चुडामणभाऊनं थोडा विचार केला. "ऱ्हावू दे. पन बठ्ठा नाचनात ना!" सगळे नाचले, एवढं त्याला पुरेसं होतं. पुढच्या रविवारी धुळ्याहून बसनं तो दीपनगरला हजर झाला.

मला वाटलं, आता सगळं जमलं. पण चुडामणभाऊ डफ काखेत घेऊन दारातून आत आला तसे आधारनाना खुर्चीतून उठले. त्याला "या, बसा, पाणी घ्या" म्हणाले आणि ताईला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"डफ या घरात वाजणार नाही," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"का नाना?"

"का ते तुला माहीत आहे. माझ्या बापानं डफ गळ्यातून उतरवला तो वाजवता येत नव्हता म्हणून नाही. त्याच्यासारखा वाजवणारा पाच गावांत नव्हता. पाटलाकडून बोलावणं आलं की हातातला घास ठेवून जावं लागायचं, म्हणून उतरवला. छप्पन साली दीक्षा घेतली आणि डफ गावाच्या वेशीवर ठेवून आला."

बाहेर मी बँजोच्या खुंट्या पिळत बसलो होतो. माझे पणजोबा गावचे पाटील होते. आपण कुठे बघावं ते मला कळेना. चुडामणभाऊ पाण्याचा पेला हातात धरून बसला होता. त्यानं हे आधीही ऐकलेलं असावं.

ताई म्हणाली, "नाना, आजोबांना कुणीतरी बोलवायचं. आम्हाला कोण बोलावतं? कुठे वाजवायचं, काय वाजवायचं, कधी उठायचं, हे आम्ही ठरवतो. चुडामणभाऊ धुळ्याहून स्वतःच्या मनानं आलेत. आणि ते माझ्या मागे नाही, माझ्या शेजारी बसणार आहेत. तरी तुमचं घर आहे. तुम्ही नको म्हणालात तर इथे नाही वाजवणार. पण वाजवणार."

नाना दाराशी आले. मग चप्पल घालून फिरायला गेले. त्या दिवशी आम्ही कॉलनीच्या मैदानावर, निंबाखाली वाजवलं. नंतरही तिथेच. पोरं जमायची, कधी पाळी सुटलेले कामगार थांबायचे. पाय हलायला लागले होते.

मग रेकॉर्डिंगचं ठरलं. पुण्यातल्या एका स्टुडिओवाल्यानं आमचा मैदानातला व्हिडिओ बघून बोलावलं. माणूस सज्जन होता, मशीन उत्तम होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, व्हायोलिन सुंदर. फक्त सुरावरून सुरावर घसरणाऱ्या ह्या मिंडा कमी करा, आयरिश सूर सरळ लागतो. आणि डफाऐवजी मी त्यांच्या ढोलाचा तयार आवाज लावतो. डफ जरा वरातीसारखा वाटतो."

"वरातीतलाच आहे तो," ताई म्हणाली.

"म्हणूनच म्हटलं."

तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं. चिडली वगैरे नव्हती. "सर, ज्याला अस्सल आयरिश ऐकायचं तो आयर्लंडचं ऐकेल. आमच्याकडे त्यानं का यावं? आम्ही आमचं वाजवून तुम्हाला पाठवतो. तेव्हा आवडलं तर मिक्सिंग करा."

परतीच्या गाडीत प्रशील म्हणाला, "ताई, स्टुडिओ सोडून वाजवायचं कुठे?"

मी म्हटलं, "आमच्या चेंबरमध्ये."

केळी पिकवायचं आमचं चेंबर म्हणजे जाड भिंतींची, हवाबंद खोली. बाहेर ट्रकनं कितीही हॉर्न वाजवला तरी आत ऐकू येत नाही. आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "केयी नासली नाई पाह्यजे, बाकी काय करायचं ते करा." एक चेंबर रिकामं होतं. आत पहिला सूर लावला तर आतून पत्रा ठोकलेल्या भिंतींवरून तो असा घुमला की कान बधिर झाले. मग आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या काढून दिल्या, शेजारणीनं तिच्या दिल्या. चारी भिंतींना त्या टांगल्या. ताईसाठी उलट्या क्रेटचा ओटा केला, वर सतरंजी. चुडामणभाऊचा ओटा तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीचा.

ताईनं त्या दिवसांत स्वतः एक जिग बांधली होती. कुठल्या आयरिश माणसाची नव्हती, तिचीच. नाव 'दीपनगर'. ती सगळ्यात शेवटी घ्यायची ठरली. पण चेंबरमधली ओल डफाच्या कातड्यात उतरली आणि आवाज ढिला पडला. चुडामणभाऊ दोनदा बाहेर जाऊन उन्हात डफ धरून आला. पण आभाळ भरून आलं होतं, ऊन कसलं मिळणार!

तेवढ्यात दारात आधारनाना दिसले. ताईनं त्यांना बोलावलं नव्हतं. दीपनगरहून रिक्षा बदलत एकटे आले होते. त्यांनी आतल्या गोधड्या बघितल्या, दोघांचे ओटे बघितले, मग चुडामणभाऊला म्हणाले, "इकडे द्या."

डफ घेऊन ते बाहेर गेले. मागच्या बाजूला केळीचा वाळलेला पाला पडलेला होता. त्यांनी तो गोळा केला, काडी ओढली. पाला भडकन पेटतो, ज्वाळ फार असते. नाना डफ त्या ज्वाळेवर लांबूनच फिरवत होते, कडेनं, मग मध्यावर. मधूनच कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारत होते. आम्ही सगळे गोल उभे.

"लहानपणी हे काम माझ्याकडे होतं," त्यांनी डफ परत देताना सांगितलं. "आता पटकन वाजवा. उतरायच्या आत."

आम्ही आत पळालो. नाना कोपऱ्यात क्रेटवर बसले. ताईनं 'दीपनगर' सुरू केली, दुसऱ्या फेरीला चुडामणभाऊ उतरला. पहिल्याच वेळी जिग जशी लागली तशी आम्हाला पुन्हा कधीच लागलेली नाही. रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर मागे एक बारीक ठेका ऐकू येतो. नानांचा पाय आहे तो. पुण्याच्या त्या सज्जन माणसानं मिक्सिंग करताना फोन केला, "मॅडम, मागे कुणीतरी पाय आपटतंय, काढू का?"

"हात लावू नका," ताई म्हणाली. त्यानंही लावला नाही. डफही जिथला तिथे ठेवला आणि शेवटी म्हणाला की ऐकताना त्याची खुर्ची हलत होती.

अल्बम निघाला. खान्देशात लोकांनी तो हळदीत वाजवला, कॉलेजच्या पोरांनी त्यावर रील्स केल्या. काही महिन्यांनी ताईला आयर्लंडहून एका बाईंचा व्हिडिओ आला. त्या गावात मुलांना व्हायोलिन शिकवतात. एका खोलीत सात-आठ माणसं गोल बसली होती, म्हातारी, तरुण, आणि सगळी मिळून ताईची जिग वाजवत होती. सुरू करण्याआधी एका पिकल्या केसांच्या माणसानं नाव सांगितलं, "डिपनॅगर."

ताईनं तो व्हिडिओ मालधक्क्यावर, जेवणाच्या सुट्टीत आम्हाला दाखवला. चुडामणभाऊ त्या दिवशी धुळ्याहून आलाच होता. पूर्ण ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तुनी मींड त्यास्ले नई जमनी."

"नाही जमली," ताई म्हणाली. "पण शेवटच्या फेरीत त्यांनी जी तान घेतलीय ना, ती आपल्यापेक्षा चांगली आहे. ती आपण घेऊ." तिनं तो भाग पुन्हा लावला, टेबलावर बोटांनी जागा शोधल्या, एकदा चुकली, मग बरोबर सापडली.

तेवढ्यात खिडकीपाशी एक व्यापारी येऊन उभा राहिला. ताईनं मोबाईल बंद केला, पावतीपुस्तक ओढलं आणि म्हणाली, "बोला, किती डबे?"