याकोमिनाची कागदी चांदी

याकोमिना स्टॅपेलच्या हाताला सगळ्या मिडलबर्गमध्ये तोड नव्हती. बाप चांदीवर अक्षरं कोरायचा. लेकीने चांदीच कागदावर उतरवायला घेतली. उत्तरेच्या खिडकीपाशी पदक ठेवायचं आणि करडी शाई, केसाएवढा बारीक कुंचला घेऊन बसायचं. पदकावरचे उंचवटे, हाताळून गुळगुळीत झालेली कड, खाली पडलेली सावली, सगळं असं उतरे की बघणारा नख लावून उचलायला जाई आणि मग खजील होऊन हसे. लग्न तिने केलं नाही. धाकटी बहीण पीटरनेला म्हणायची, "ताई, नवरा मिळाला असता तर तू आधी त्याची सावली काढली असतीस."

गावचे माजी नगराध्यक्ष फान ड्यूनबर्ग यांना पदकांचं वेड. आरमाराच्या विजयांची, तहांची, थोरामोठ्यांच्या लग्नांची पदकं त्यांच्या कपाटाच्या खणांत, मखमलीच्या खळग्यांत बसवलेली होती. त्यांतलं एक जिवाभावाचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी ते पाडून घेतलं होतं: एका बाजूला त्यांचं आणि सुझानाबाईंचं नाव, दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात. त्याच हिवाळ्यात सुझानाबाई गेल्या. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा सगळ्या पदकांची चित्रवही करायचं काम त्यांनी याकोमिनाला दिलं. चार वर्षं ते चाललं. दहा-दहा पदकं तिच्या घरी येत, चित्रं झाली की परत जात. सगळा व्यवहार तोंडी.

वही पोचती करून वर्ष झालं असेल. सुझानाबाईंच्या स्मृतिदिनी म्हाताऱ्याने खण ओढला, नेहमीसारखं ते पदक बोटांनी चाचपलं, आणि बोटांना कागद लागला.

याकोमिनाला बोलावणं आलं. म्हाताऱ्याच्या तळहातावर गोल चकती होती. "बाई, हे काय आहे?"

तिने ओळखलं. तिनेच काढलेले गुंफलेले हात, कात्रीने कापलेले. तीन दिवस खपून उतरवलेली सावली छाटून टाकलेली. चोरीचा विचार तिच्या मनात नंतर आला. आधी लागलं ते कापणं.

म्हाताऱ्याचा मुलगा योस्ट खिडकीशी उभा होता. पत्त्यांच्या नादापायी त्याने काय काय विकलं होतं ते गावाला ठाऊक होतं, बापासमोर मात्र कुणी बोलत नसे. तो हळू आवाजात म्हणाला, "सहा आठवडे पदक यांच्या घरी होतं, बाबा. परत काय आलं ते बघा. अशा चकत्या एकोणीस निघाल्यात."

"धाकले साहेब, ही चकती वहीच्या पानातून कापलीय," याकोमिना म्हणाली. "आणि वही वर्षभर तुमच्याच घरात आहे. मागवा ना, बघू."

वही कुणी मागवली नाही. "असा हात असलेल्या बाईला," योस्ट म्हणाला, "तेच चित्र दुसऱ्यांदा काढायला किती वेळ लागतो?"

म्हाताऱ्याने कागदावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मी फिर्याद करणार नाही. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी गावभर म्हाताऱ्याच्या थोर मनाचे गोडवे गायले जात होते. फिर्याद झाली असती तर तिला चार माणसांसमोर बोलता तरी आलं असतं. ह्या दयेने तीही वाट बंद झाली. सराफांनी काम देणं थांबवलं. बाजारात मासेवाली ओरडायची, "हेरिंग खरी उचल हं बाई, जागेवर कागदाची ठेवू नकोस." पीटरनेलाचं जुळत आलेलं लग्न मोडलं. ती त्यावर कधी एका शब्दानेही बोलली नाही, तेच याकोमिनाला जास्त लागलं. औषधवाल्याच्या बरण्यांवर नावं रंगवून दोघी पोट भरू लागल्या.

सहा वर्षांनी म्हाताऱ्याने अंथरूण धरलं आणि पुन्हा निरोप आला. ह्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हातारा म्हणाला. "योस्ट खोटं बोलताना हळू बोलतो. लहानपणापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मुलगा एकच आहे मला."

"नाव मलाही एकच होतं, साहेब."

"माफ करा."

"खाली पाद्रीबाबा बसलेत. त्यांना वर बोलावते. हेच त्यांच्यासमोर बोला."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती उभी राहिली. तो वळेल असं तिला वाटत होतं. तो वळला नाही. जिन्याखाली पाद्रीबाबांनी विचारलं, "साहेबांना बरं वाटलं का?"

"त्यांना तेवढं वाटलं बरं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

म्हातारा गेला. पुढच्या वसंतात नगरसभेने फान ड्यूनबर्ग यांच्या नावाने चांदीचं पदक पाडलं. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला तराजू आणि 'सत्याला जागला' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं. दुसऱ्या शहरांना चित्र पाठवायचं होतं. दोघा चित्रकारांनी काढून बघितलं. पदक धिरड्यासारखं चपटं दिसलं. योस्ट आता नगरसभेत बसत होता. त्याने कारकुनाच्या हाती पदक याकोमिनाकडे धाडलं.

"उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस ते," पीटरनेला म्हणाली. तोवर याकोमिनाने पदक उजेडात धरलंही होतं. सात वर्षांत तिच्या हाती पदक आलं नव्हतं.

अकरा दिवस ती बसली. पीटरनेला तिच्याशी बोलत नव्हती. चौथ्या दिवशी याकोमिनाने म्हाताऱ्याचे ओठ जरा पातळ, कोते केले. मग तिला ते सहन होईना. तिने ते पुसले आणि चांदीवर होते तसेच काढले. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव घातलं.

कारकून चित्र न्यायला आला. त्याने नाव वाचलं. "हे चालणार नाही. योस्टसाहेबांनी आधीच बजावलंय." तिच्याच मेजावरची सुरी उचलून त्याने नाव खरवडलं, भुकटी फुंकून टाकली आणि कागद गुंडाळून नेला.

पीटरनेला फडकं घेऊन आली आणि मेज पुसायला लागली.