हार नसलेला फोटो

आमच्याकडे घरी बनवलेल्या व्हिडिओचा एक नियम आहे. कोणी सांगितलेला नाही, कुठं लिहिलेला नाही, पण किन्हीराजापासून मानोऱ्यापर्यंत सगळे पाळतात. जिवंत माणूस व्हिडिओत हलताना दिसतो. मेलेल्याचा फोटो येतो. हार घातलेला, चौकटीतला, आणि तोही सुरुवातीलाच, गणपतीच्या पाटीनंतर. मग हळद, मग लग्न, मग पंगत. माझी पंचाईत अशी होती की माझा नवरा या दोन्हीत बसत नव्हता.

तो सुरतेकडे कामाला म्हणून गेला तेव्हा आमची पोरगी सातवीत होती. आमच्या इकडच्या मालेगावच्या स्टँडवर एसटीत बसला, पोचल्यावर फोन केला, नंतरही काही दिवस करत राहिला. मग फोन बंद लागायला लागला. दीर तिकडं जाऊन फिरून आला, पोलिसात नोंद झाली. मेल्याची खबर नाही आणि असल्याचीही नाही. आधी मी चिडायचे, त्याच्यावर, फोनवर, देवावर, सासूवर. पुढं पुढं ते सगळं विझलं. कोणी विचारलं की 'काही कळलं नाही' म्हणते. दुकानदार 'साखर संपली' म्हणतो ना, तसं.

यंदा पोरीचं लग्न झालं. पत्रिकेत दिराचं नाव टाकून वेळ मारून नेली, कन्यादानाला दीर-जाऊ बसले. शूटिंगवाला आम्ही सांगितला नव्हता. मी अंगणवाडीत काम करते. तिथं रोज कसले ना कसले फोटो, व्हिडिओ पाठवावे लागतात, त्यामुळं मोबाइलची भीती कधीच गेली. गल्लीतल्या बारशांचे, डोहाळजेवणांचे व्हिडिओ मीच जोडून देते. मग स्वतःच्या पोरीचा दुसऱ्याकडं कशाला द्यायचा? पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे मागून घेतले आणि ती सासरी गेल्यावर बसले जोडत.

तुकडे कसले, निव्वळ राडा! निम्म्या ठिकाणी कोणाचं तरी डोकं आडवं, निम्म्या ठिकाणी डीजेचा धुमाकूळ. मी एकेक कापत होते. पोरीच्या अंगाला हळद लागतेय, ती हसतेय, आणि मी पाहतेय की हा तुकडा लांब झालाय. कोबी चिरावा तसं चाललं होतं. काही वाटत नव्हतं आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

पाट्या मात्र मी मन लावून करते. काळ्या रंगावर पिवळी अक्षरं, बस. लोकांना गुलाबाची फुलं पाहिजेत, चमचम पाहिजे, अक्षरं उड्या मारत आली पाहिजेत. मला नाही सहन होत. पहिली पाटी गणपतीची, दुसरी 'आशीर्वाद'. तिच्यामागं सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. ते वारले त्याला जमाना झाला, त्यांच्याबद्दल वाद नव्हता.

तेवढ्यात पोरीचा फोन आला.

"आई, व्हिडिओत बाबा पायजेत मले."

"कुठून आनू वं?"

"कुठूनबी आन. लग्नात नव्हते तं नव्हते. व्हिडिओत तरी असू दे. मी सासरच्या लोकायले काय दाखवू? बाबाच्या जागी काकाले?"

आणते म्हटलं.

हलणारा नवरा शोधायला लागले. हा माणूस जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. कुठंही कार्य असो, हा कंबरेला उपरणं बांधून वाढायला. जावेच्या जुन्या मोबाइलमध्ये एक तुकडा निघाला. पंगत बसलीय, मधून एक पाठ आणि एक वरणाची बादली निघून जाते. तो मी पोरीला पाठवला. तिचा लगेच फोन.

"आई, हे तं बादली हाये. बाबा कुठं हाये यात?"

खरंच होतं तिचं. म्हणजे फोटोच लावावा लागणार होता. पोळ्याचा एक चांगला होता. बैलाच्या शिंगाला हात लावून उभा, डोक्याला फेटा, उन्हानं डोळे बारीक केलेले. तो मी सासऱ्यांच्या फोटोनंतर ठेवला आणि आधी पाटी टाकली, 'वधूपिता'. हार नाही, दिवा नाही, चौकट नाही.

सासूबाई मागं येऊन उभ्या होत्या, मला माहीत नव्हतं. "हे काय करून राह्यली वं?"

"पोरीनं सांगतलं, आत्याबाई."

"पोरीले काय समजते? असा थांबलेला फोटो मेलेल्या मानसाचा रायते. त्याच्या बापाच्या बाजूले नेऊन बसवलं त्याले! माया पोराले मारू नोको, सांगून ठेवतो."

त्यांच्याशी मी कधी तोंड वाजवत नाही असं नाही, चांगली वाजवते. पण त्या दिवशी अंगात जोरच नव्हता. हार नाही घातला म्हटलं. त्या म्हणाल्या, हार नसला म्हणून काय झालं, जित्या माणसाची मान तरी हलते.

हे काही चुकीचं नव्हतं. ॲपमध्ये एक सोय असते. फोटो पडद्यावर हळूहळू मोठा होत जातो, समोरचा माणूस पुढं पुढं येतोय असं वाटतं. मी ती लावली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पाटी गेली, बैल दिसला, फेटा दिसला, मग बैल बाजूला सरकत गेला आणि नुसतं तोंड जवळ आलं. सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"जवय येते म्हनतं हा?"

"हो."

त्यांनी मग पदरानं मोबाइलची काच पुसली आणि परत दिला. "मंग राहू दे. येऊन राह्यला तं येऊ दे."

तसाच ठेवला. व्हिडिओ पुरा केला, मागं ॲपमधली बासरी लावली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून भाकरी थापायला गेले.

हात धुऊन मोबाइल घेतला तर ग्रुप वाजतोय नुसता. मला वाटलं, पोरीच्या साडीचं कौतुक चाललं असेल. सगळ्यात वर मानोऱ्याकडच्या एका भाच्यानं जोडलेले हात टाकले होते आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याखाली दुसऱ्यानं तेच. मग तिसऱ्यानं. एकीनं पेटलेली मेणबत्ती पाठवली, एकानं लिहिलं, मनमिळाऊ माणूस हरपला. आमच्या लोकांची ही जातच आहे. पुढच्यानं श्रद्धांजली लिहिली की मागचा लिहितोच. आधी विचारून घ्यावं, कधी, कुठं, कसं? अरे, लग्नाच्या व्हिडिओखाली! पण सासऱ्यांच्या हारामागोमाग फोटो आला, मागं बासरी वाजली, त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. सगळ्यांच्या मनात ते आधीपासून बसलेलंच असणार. फक्त कोणीतरी आधी बोलायला पाहिजे होतं.

पोरगी फोनवर रडत होती. "आई, बाबाचं समजलं का काही? मले काहून नाई सांगतलं?"

"काही समजलं नाई, माय. जसं होतं तसंच हाये."

"मंग लोकं असं काहून लिहून राह्यले?"

"लोकायले धंदे नाई म्हनून," मी म्हटलं आणि ग्रुपवर लिहून टाकलं की कोणी वारलेलं नाही, फोटो साधा आहे, गैरसमज करू नये. दोघातिघांनी अंगठा दाखवला. एकानं त्याच्याखालीही हातच जोडले. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून गळा काढल्याचा आवाज आला. आपल्याकडे बाया मयतीच्या घरी येतात तेव्हा दारात पोचायच्या आधीच सूर लावतात. मी बाहेर येऊन पाहिलं, कोणाकडं गेलं बाई आज? तर ऑटोतून उतरून चार-पाच बाया डोक्यावरून पदर घेऊन माझ्याच दाराकडं येत होत्या. पुढं सासूबाईंची धाकटी बहीण, मानोऱ्याची मावशी. तिच्याकडं साधा मोबाइल. भाच्यानं तिला पहिलं तेवढं सांगितलं होतं, पुढचं सांगायचं राहिलं.

मी सांगणार होते की अवो मावशी, कोणी मेलं नाही, परत फिरा. शब्द अगदी जिभेवर होते. पण तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, माझं डोकं तिच्या खांद्यावर दाबलं आणि म्हणाली, "कसं सोसलं वं माय तू एवढे दिवस!" आणि माझं तोंड उघडलं ते वेगळ्याच कामाला. मी रडले. चांगली मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी.

इतक्या वर्षांत माझ्याजवळ कोणी बसायला आलं नव्हतं. चौकशीला आले. काही पत्ता लागला का, असं विचारलं, चुकचुकले, गेले. नवरा मेला की बाया येऊन मिठी मारतात, डोक्यावरून हात फिरवतात, जेवायला लावतात. हरवलेल्याच्या बायकोला कोण मिठी मारणार? ते अशुभ. मला त्या बायांचा राग यायला पाहिजे होता. नाही आला. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? सोडू नये असं वाटत होतं.

मागून एकजण हळूच म्हणाली, "इचं कुकू काहून राहू देल्लं मंग?"

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी बायांकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. त्या तशाच आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. बाया गोंधळून एकमेकींकडं बघत राहिल्या. मी रडतच होते, ते थांबवता येत नव्हतं.

थोड्या वेळानं त्या परातीत कपबशा मांडून बाहेर आल्या आणि एकेकीपुढं धरत गेल्या. "घ्या, चहा घ्या."

कोणी हात पुढं करेना. सुतकाच्या घरचं कोणी पाणीसुद्धा घेत नाही. आणि घेतलं तर मग सुतक नाही. सासूबाई बहिणीसमोर परात धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मावशीनं एक कप उचलला, बशीत चहा ओतला आणि प्यायली. मग बाकीच्यांनीही घेतले.

मघाची ती बाई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मंग हे कायले रडून राह्यली?"

"तिची पोरगी सासरी गेली ना," सासूबाई म्हणाल्या. "पाठवनीले रडली नव्हती. आता रडून राह्यली. रडू द्या तिले."

रिकामी परात खाली ठेवून त्या माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. बाया चहा पीत होत्या, मी रडत होते. सासूबाईंचे डोळे कोरडे होते. मला तरी पोरीचं निमित्त मिळालं होतं. त्यांना तेही नव्हतं.