फ्यूजमावशी आणि गुंडाळून ठेवलेली तार

नातीची दुलई अर्धी धुऊन झाली होती. साबण लावलेलं एक टोक बादलीत, दुसरं कोरडं टोक मावशींच्या मांडीवर. फेस काढायला म्हणून त्यांनी गरम पाण्याच्या नळाला हात लावला आणि बोटांपासून मनगटापर्यंत मुंग्या धावल्या. झटका म्हणावा असं काही नव्हतं, कुणीतरी हाताला बारीकसं चावून पळून जावं, एवढंच.

दुसरं कुणी असतं तर हात झटकून पुन्हा नळ धरला असता. मावशी मात्र जागच्या जागी थिजल्या. ओला हात आणि ओली फरशी, दोन्हींचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. दुलई तिथेच टाकून, कशालाही न शिवता, त्या मागच्या पावली बाथरूमच्या बाहेर आल्या.

"आजी, मी येऊ अंघोळीला?" नात टॉवेल डोक्यावर घेऊन दारात हजर.

"येऊ नकोस!"

पोरीचा खालचा ओठ बाहेर आला. आजीचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. मावशींनी तिला जवळ घेतलं. "सोन्या, आईजवळ जाऊन बस. मी हाक मारल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही, हं."

त्या इमारतीत त्यांना सगळे फ्यूजमावशी म्हणत. यजमान वायरमन होते. लग्न होऊन आल्यावर नव्या नवरीच्या हातात त्यांनी पहिली वस्तू दिली ती बॅटरी. "इथे उजेड धर," म्हणाले, आणि ती बॅटरी धरता धरताच मावशी सगळं शिकल्या. यजमानांची एक रीत होती. कामाला हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, फ्यूज उपसून काढायचा आणि तो आपल्याच अंगावर ठेवायचा. फळीवर नाही, टेबलावर नाही. "घरात अंधार झाला की प्रत्येकाला दया येते," ते म्हणायचे, "आणि कुणीतरी हळूच येऊन मेन वर करून जातो. आपण इकडे तार हातात धरून बसलेलो." त्यांचा फ्यूज खिशात असायचा, मावशींचा कमरेला. वाण्याकडे गेल्यावर पैसे काढताना एकदा तो काउंटरवर पडला, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

यजमान गेल्यावर शेजारपाजारचे त्यांच्याच दाराशी येऊ लागले. नळ ठिबकतोय, बटण तापतंय, बेसिन तुंबलंय. मावशी जायच्या, पण आपली पायरी ओळखून. नळाचा वायसर बदलायच्या, तोही आधी मागचा वॉल्व्ह बंद करून. फ्यूजला तार घालायच्या, ती होती तेवढ्याच जाडीची. तळमजल्यावरचे मास्तर एकदा म्हणाले, "मावशी, जरा जाड तार घाला की, म्हणजे पुन्हा उडायला नको."

"फ्यूज उडणार नाही, मास्तर," मावशी म्हणाल्या, "घर उडेल."

भिंतीतलं वायरिंग, मीटर, गीझर यांना त्या हात लावत नसत. त्याला वायरमनच हवा, म्हणायच्या, आणि देवाचं नाव घेऊन बाजूला व्हायच्या.

पण गेल्या महिन्यात बल्ब बदलताना त्या स्टुलावरून पडल्या. गुडघा सुजला, बाकी काही नाही. तरी काल लेक आली ती एक मोठी रिकामी बॅग घेऊन. जेवताना तिने विषय काढला. "आई, पुरे आता एकटीनं राहणं. माझ्याकडे चल." मावशींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. इथल्या भिंतीतली तार न् तार ह्यांच्या हातची आहे, मी इथेच बरी आहे, असं परोपरीनं सांगितलं. शेवटी लेक म्हणाली, "मी चार दिवस आहे. एक जरी धोक्याची गोष्ट दिसली ना, तर बॅग भरायची. कबूल?" मावशींनी मान हलवली होती.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नळ चावला.

मावशींनी हात खसाखसा पुसून कोरडे केले. पायात कोरड्या रबरी चपला घातल्या. नळाला टेस्टर लावून बघायचा मोह झाला, पण आत फरशी ओली होती. तपासायचं काय आहे त्यात, म्हणत त्या सरळ मेन स्विचपाशी गेल्या. मेन खाली ओढला, फ्यूज उपसला, कमरेला खोचला. पंखा गरगरत हळूहळू थांबला.

"लाईट गेली का गं?" लेकीने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"गेली," मावशी म्हणाल्या.

देवाचं नाव घेतल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई, पण खोटं कसं अलगद निघून गेलं तोंडातून! पुढचंही सगळं मनात आपोआप जुळत गेलं. लाईट गेली म्हटल्यावर पाणी गॅसवर तापवायचं. लेक दुपारी इथल्या मैत्रिणीकडे जाणार होती, ती गेली की वायरमनला बोलवायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही. आपलं घर, आपली खिडकी, सकाळी देवापुढे बसायची आपली जागा, सगळं जिथल्या तिथे राहील.

त्या बाथरूमच्या दारापाशी परत आल्या, तेवढ्यात खिडकीतून उजेडाची तिरीप आत आली आणि त्यांची नजर वर गेली.

गीझरच्या शेजारी भिंतीवर हिरव्या तारेचं वेटोळं लटकत होतं. छान गोल गुंडाळलेलं, वर दोऱ्याने बांधलेलं. बांधलं कुणी? मावशींनीच.

झालं होतं असं. बाहेरचा पाण्याचा उभा लोखंडी पाइप गंजून गळायला लागला होता. एकावर एक चारही घरांना तोच पाइप. मावशींनी स्वतः घरोघर फिरून सगळ्यांना तयार केलं आणि पंधरवड्यापूर्वी त्या जागी प्लॅस्टिकचा नवा पाइप आला. गळती थांबली, लोकांनी मावशींना दुवा दिला. प्लंबरने जुना पाइप कापताना त्यावर तार आवळून धरणारी पट्टी सोडवली आणि खिडकीतून पाइपापर्यंत गेलेली ही तार मोकळी लोंबायला लागली. डोळ्यांना बरी दिसेना, म्हणून मावशींनी ती आत ओढून नीट गुंडाळून बांधून ठेवली.

ती अर्थिंगची तार होती. त्या काळी सगळे वायरमन तसंच करत. यजमानांनीही चारही घरांचं अर्थिंग त्या लोखंडी पाइपला जोडलं होतं. कुठे करंट फुटला तर तो तारेतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत जायचा. ती पट्टी बसवताना बॅटरी मावशींच्याच हातात होती. आणि त्यांनीच ती तार वेणी घालावी तशी आवरून टाकली होती.

आवराआवरीची खोड! आपल्या घरचं एक झाकता येईल. पण चारही घरांत ही तार अशीच सुटून लटकत असणार. आत्ता कुणाच्या घरात कोण अंघोळीला शिरत असेल?

'देवा,' त्या मनात म्हणाल्या, 'मला इथे राहायचं होतं रे. पण असं नाही.'

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. लेक मुलीचे केस विंचरत होती.

"लाईट गेलेली नाही," मावशी म्हणाल्या. "मी बंद केलीय. गरम पाण्याच्या नळाला करंट येतोय. अर्थिंग तुटलंय, आणि ते माझ्यामुळे तुटलंय."

कंगवा केसांतच राहिला. मावशींनी सगळं सांगितलं, पाइप, पट्टी, तार, दोरा. एक शब्द गाळला नाही.

"आई, मी हिला आत्ता आत पाठवणार होते!" लेकीचा आवाज चिरकला. तिने मुलीला असं घट्ट धरलं की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

"म्हणून तर सांगते. ओरड मला हवं तेवढं, पण आधी तुझा फोन दे."

वायरमन यजमानांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच आजोबा झालेला माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "वहिनी, गीझरची कॉइल बहुतेक कधीचीच फुटलेली असणार. इतके दिवस करंट गुपचूप जमिनीत जात होता. आता त्याला वाटच राहिली नाही."

"म्हणून माझ्या हातात आला. पोरीसाठी म्हणून आजच गीझर लावला होता, महिन्याभरात पहिल्यांदा."

"तुम्ही काही उघडायला जाऊ नका हं."

"मी कशाला उघडते? फ्यूज कमरेला आहे. तुम्ही आलात की तुमच्या हातात देईन."

"दादांची शिष्या!" तो हसला. मग गंभीर झाला. "दुपारी येतो. जमिनीत खड्डा घेऊन नवीन अर्थिंग करावं लागेल, चारही घरांचं. तोवर सगळ्यांना सांगा, गीझर नको, वॉशिंग मशीन नको, मेनच बंद ठेवलात तर उत्तम."

मावशींनी फोन लेकीला परत दिला आणि दाराकडे वळल्या. जाता जाता कोपऱ्यातल्या रिकाम्या बॅगेकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांना सांगून येते. मग भरू आपण बॅग. मी कबूल केलं होतं."

"आई, थांब." लेक उठून दाराशी आली. "तू स्टुलावरून पडलीस ते मला कुणी सांगितलं, माहितीये? शेजारच्या काकूंनी. तू फोनवर रोज म्हणत होतीस, मी मजेत आहे. पडतो गं माणूस. पण मला तिकडे बसून कसं कळायचं, तू बरी आहेस की नुसती बरी म्हणतेस?"

"आजही तू आधी 'गेली' म्हणालीस."

"म्हणाले."

"आणि मग स्वतःहून येऊन सांगितलंस." लेकीने डोळे पुसले. "राहा तू इथे. पण इथून पुढे काही बिघडलं की आधी मला फोन, मग हत्यारांच्या पेटीला हात."

"वायसर बदलायचा असला तरी?"

"वायसर बदलायचा असला तरी."

"अगं, तू काय करणार तिथून वायसरचं?"

"काही नाही. नुसतं ऐकणार."

मावशींनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. लेकीने तो हात धरून ठेवला. मग तिने मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मी खालच्या दोन घरांना सांगते. तू वर जा. जिना सावकाश चढ, गुडघा सांभाळ."

वरच्या मजल्यावर पहारेकऱ्याचं बिऱ्हाड होतं. रात्रपाळी करून तो याच सुमाराला घरी येई आणि आल्या आल्या अंघोळीला शिरे. कठडा धरून मावशी जिना चढू लागल्या. आधी त्याचं दार वाजवायचं आणि गीझर लावू नको म्हणून सांगायचं होतं.